चतकोर गोळी

नशिराबाद
१२ नोव्हेंबर २०२४

प्रेमराजा,

आशीर्वाद आधी, बाकीचं मग.

भाऊबीजेला तुला ओवाळलं, बोलायचं म्हणून आतल्या खोलीत बोलावलं आणि नुसती रडत बसले. फोनवरही तेच होतं. म्हणून पत्र लिहिते आहे. कागदापुढे रडता येत नाही, शाई पसरते.

हे गेले त्याला दोन वर्षं होतील. पहिले सहा महिने सगळे म्हणाले, दुःख आहे, ओसरेल. ओसरलं नाही. सकाळी उठून चूळ भरायची तरी मनाची समजूत काढावी लागते. माझा हितेंद्र मला जळगावला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेतो, हे तुला माहीत आहे. बाई गुणाच्या आहेत, घाई करत नाहीत. पण गोळ्यांनी माझा छळ मांडलाय. पहिलीने मी दुपारपर्यंत झोपून राहायचे. दुसरीने हात असे थरथरायला लागले की भाकरी थापता येईना. तिसरीने भोवळ येऊन ओट्यावरून पडले. भाऊबीजेला लंगडत होते ते त्यामुळे. तुला मात्र वाताचं दुखणं म्हणून सांगितलं.

आता बाई म्हणतात, चौथी गोळी अंदाजाने द्यायची नाही. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची आणि ती मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायची. माझ्या अंगाला कोणती गोळी झेपते ते तिथून कळेल म्हणे. तू सरकारी दवाखान्यात जन्मभर लोकांचं रक्त तपासलंस, म्हणून तुला विचारते. हे खरं असतं का? माझ्या थुंकीला माझ्या मनातलं काय कळणार? सोबत एक फॉर्म होता. रक्ताच्या नात्यात कोणाला असा आजार होता का, असेल तर कोणतं औषध लागू पडलं. मी ‘कोणी नाही’ असं लिहिलं. आपल्या घरात कोण असणार?

इकडे भरताची वांगी बाजारात आली. काल शेजारच्या मळ्यात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होते, त्याचा वास घरात आला आणि मला आपला भादलीचा मळा आठवला. आपली धाकटी रूपा गेली ते वर्ष. दहा महिन्यांची पोर दोन दिवसांच्या तापात गेली आणि मायनं बोलणं सोडलं. मग मावशी तिला पोटाच्या दुखण्यासाठी धुळ्याला घेऊन गेली, सोबतीला तुला नेलं, आणि मी सोळा वर्षांची पोरगी आबांसाठी भाकरी बडवत मागे राहिले. श्रावणात तुम्ही आलात तेव्हाही माय तशीच होती. तू रोज जेवणानंतर मागच्या दारी बसून तिला अडकित्त्याने सुपारी कातरून द्यायचास. ती सुपारीवर पाणी प्यायची, म्हणून मी हसायचे. आठवतं का तुला?

आणि त्या हिवाळ्यात मळ्यात भरीत होतं. लोटनकाकाने लाकडाच्या बडजीत वांगी ठेचली, आबांनी मायच्या पानात भरीत वाढलं. तिनं एक घास घेतला आणि म्हणाली, “मीठ कमी हाये.” दहा महिन्यांत आपणहून बोललेले पहिले शब्द. आबा उठून विहिरीकडे गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. माय कशानं बरी झाली ते मला माहीत आहे. पण ते माझं आणि कानबाईमातेचं आहे.

खरं सांगू का, माझं मन उठलं आहे. चौथी गोळी घ्यायची नाही, असं ठरवत आले आहे.

तुझी
अक्का

*

धुळे
२० नोव्हेंबर २०२४

अक्का,

तुझ्या पायांवर डोकं ठेवलंय असं समज. गुडघा दुखतोय तो सोडून दुसऱ्या पायावर.

तू विचारलंस ते आधी सांगतो. चाचणी खरी आहे. पण तिला तुझ्या मनातलं काही कळत नाही, आणि तसं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नकोस. गोळी पोटात गेली की अंग तिला हळूहळू मोडून बाहेर टाकतं. कोणाचं अंग हे काम झपाट्याने करतं, कोणाचं रेंगाळत. आळशी गड्यासारखं. ज्याचं रेंगाळतं त्याच्या अंगात कालची गोळी शिल्लक असताना आजची जाते, आणि मग थरथर, भोवळ, झोप. अंगाची ही चाल आईबापाकडून येते, ती थुंकीत दिसते. तेवढंच त्यातून कळतं. कोणती गोळी तुला हसवील ते कळत नाही, पण कोणती पाडील याचा अंदाज येतो. माझ्या नोकरीत ही सोय नव्हती. आम्ही साखर आणि हिमोग्लोबिन करून थकायचो.

तेव्हा काडी फिरवून ये. तुला माझी शपथ आहे.

मायचं तू लिहिलंस ते वाचलं. पोटाचं दुखणं होतं, बरं झालं. लहान होतो, फारसं आठवत नाही. मावशीच्या दारातली बोरं तेवढी आठवतात.

भरताचं म्हणशील तर दिपमालाने परवाच केलं होतं, कळण्याची भाकरी आणि वर हिरव्या मिरच्या. मी चारदा वाढून घेतलं. तुला लिहून उपयोग नाही म्हणा. सगळा जळगाव जिल्हा भरतावर तुटून पडतो आणि आमची अक्का वांग्याने पित्त होतं म्हणून कोपऱ्यात पिठलं खात बसते. असलं नाजूक पित्त तुला कुठून मिळालं, देव जाणे.

काडी फिरवलीस की कळव.

प्रेमराज

*

नशिराबाद
२ डिसेंबर २०२४

प्रेमराजा,

तुझ्या शपथेखातर गेले. काडी फिरवली. तीन आठवड्यांनी अहवाल येईल.

डॉक्टरीणबाईंनी फॉर्म समोर घेऊन पुन्हा विचारलं, “नक्की कोणी नाही? आई, मावशी, मामा?” चारुलता शेजारी बसली होती. सून असली तरी माझ्या पोटच्या पोरीसारखी आहे, पण तिच्यासमोर नको वाटलं. मी नाही म्हणाले. घरी आल्यावर मात्र मायच डोळ्यांसमोरून हलेना. म्हणून आज तुला एक गोष्ट सांगते. नवस सांगितला की त्याचं बळ जातं म्हणतात. पन्नास वर्षं झाली, आता गेलं तर जाऊ दे.

मला वांग्याने पित्त होत नाही. कधीच होत नव्हतं.

तुम्ही धुळ्याहून आलात त्या श्रावणात आपल्या घरी कानबाई बसली होती. सगळे आरतीनंतर बाहेर गेले तेव्हा मी आत गेले. नथ घातलेला तो देवीचा नारळ, त्याचे ते रेखलेले डोळे. मी त्याच्यापुढे हात जोडून म्हणाले, माझी माय बोलू लागू दे, मी जन्मात भरीत खाणार नाही. मला दुसरं काय आवडत होतं तेव्हा? आणि मळ्यात माय बोलली. मी तिच्या शेजारीच पिठलं घेऊन बसले होते. इतका आनंद मला लग्नातही झाला नाही.

त्यामुळे प्रेमराजा, माय गोळीने बरी झाली नाही. मग मी तरी कशाला गोळ्या खाऊ? अहवाल येईपर्यंत तिसरीच चालू ठेवली होती, ती परवापासून बंद केली आहे, चारुलताला सांगितलेलं नाही. मनात आलं, पुन्हा नवस बोलावा, या वेळी माझ्यासाठी. देव्हाऱ्यापुढे बसलेही. पण सोडायला माझ्याकडे काही उरलेलं नाही. काहीच गोड लागत नाही, कशाची चव लागत नाही. जे लागतच नाही ते सोडून देवाला काय फसवायचं?

दुपारी केळीच्या बागेत विहिरीपाशी जाऊन बसते. तिथे शांत वाटतं. कधी कधी वाटतं, आता उठूच नये. हे हितेंद्रला लिहू नकोस.

अक्का

*

धुळे
५ डिसेंबर २०२४

अक्का,

तुझं पत्र आज अकराला मिळालं आणि सव्वाअकराला मी हितेंद्रला फोन केला. तू नको म्हणालीस तरी केला. तुला एकटी सोडू नको, विहिरीकडे जाऊ देऊ नको आणि आजच्या आज डॉक्टरीणबाईंना सगळं सांग, असं बजावलं. माझ्यावर राग धर, पण मी हे लपवणार नाही. लपवण्याचं माझं काम संपलं.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. आमच्या भूषणला उद्या ऑफिसच्या कामाने जळगावला जायचंच आहे, त्याच्या हातून पाठवतो. सोबत एक जुना कागद आहे. तो जपून ठेव. पत्र शेवटपर्यंत वाच, मध्येच फाडू नकोस.

मायला पोटाचं दुखणं नव्हतं. तिला हेच होतं, जे तुला आहे.

मावशीने तिला धुळ्यात एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळी दिली. पूर्ण गोळीने माय न्हाणीत पडली. मग अर्धी केली, तर हात थरथरायला लागले, पेला धरता येईना. मावशी दर वेळी सगळं बरं होईल म्हणून धीर द्यायची, “बठ्ठं बरं व्हई जाई,” आणि पाठ फिरवून रडायची. डॉक्टर काही चिडले नाहीत. मायच्या डोळ्यांत बघितलं, हात हातात घेतला आणि म्हणाले, या बाईंना औषध लागतं, पण चिमूटभर लागतं. गोळीचे चार तुकडे करा, रोज एकच तुकडा. कागद बघ, ‘एक’ खोडलंय, ‘अर्धी’ खोडलंय, खाली ‘पाव’ लिहून दोन रेघा ओढल्या आहेत.

मी मागच्या दारी सुपारी कातरत नव्हतो, अक्का. गोळी कातरत होतो. मायचे हात थरथरायचे आणि आबांना ते बारीक काम जमत नव्हतं. पाच वर्षं मी ते केलं.

तुला का सांगितलं नाही, तेही ऐक. त्याच श्रावणात तुझी नशिराबादची सोयरीक निघाली होती. आबांबद्दल, कौतिक पाटलाच्या घरात वेड आहे, एवढं कोणी म्हटलं असतं तर तुझं लग्न मोडलं असतं. कानबाई बसली होती. आबांनी मला नारळापुढे उभं केलं, माझा हात त्यावर ठेवला आणि वदवून घेतलं की हे अक्काला कधी कळू देणार नाही. मी अकरा वर्षांचा होतो. तू त्याच नारळापुढे नवस बोललीस हे मला तुझ्या पत्रातून कळलं. एकाच दिवशी असेल, किंवा एका दिवसाच्या अंतराने. आपण दोघं तिथे लपूनछपून गेलो आणि एकमेकांना काही बोललो नाही.

माय गेली तेव्हा सांगणार होतो. मग दाजी गेले तेव्हा. भाऊबीजेला तू रडत होतीस तेव्हा तोंडाशी आलं होतं आणि मी गाडीला उशीर होतो म्हणून उठलो. आणि मागच्या पत्रात तुला सरळ खोटं लिहिलं. डॉक्टरीणबाई फॉर्मवर जे विचारत होत्या ते मला ठाऊक होतं. जन्मभर लोकांना “घरात कोणाला होतं का” विचारून मी कागद भरले, आणि माझ्या बहिणीचा कागद कोरा राहू दिला. मला क्षमा कर असं म्हणायचीही लाज वाटते.

हा कागद बाईंना दाखव.

प्रेमराज

*

नशिराबाद
९ डिसेंबर २०२४

प्रेमराज,

पत्र मिळालं. कागद चारुलताकडे दिला आहे. विहिरीला हितेंद्रने कुंपण घालून कुलूप लावलं आहे आणि चारुलता माझ्या खोलीत झोपते. काळजी नको.

पन्नास वर्षं तू माझ्यासमोर बसून भरीत खाल्लंस, आणि मी देवाला धन्यवाद देत पिठलं खाल्लं. इतक्यात मला लिहू नकोस.

अक्का

*

धुळे
३० डिसेंबर २०२४

अक्का,

लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहितो. लहानपणीही तू नको म्हणालीस की मी मागे यायचो.

हितेंद्रकडून कळलं, अहवाल आला आणि नवीन औषध सुरू झालं. काय ते त्याने नीट सांगितलं नाही. तू सांगशील तेव्हा सांग.

माझं एवढंच आहे. तुझा नवस खोटा होता असं मी म्हटलेलं नाही. मी गोळी कातरत होतो हे खरं, पण त्या घरात कोणी तरी मायसाठी जीव टाकत होतं, हे मायला कळत नसेल का? ती तुला भरीत का खात नाहीस म्हणून एकदाही विचारायची नाही. मला वाटतं, तिला ठाऊक होतं.

काल आंघोळ करून कानबाईचा नारळ डब्यातून काढला. श्रावण नाही, काही नाही. दिपमाला म्हणाली, अवेळी कशाला देवीला उठवता. मी नारळावर हात ठेवला, त्या वेळी ठेवला होता तसा. म्हणालो, माझ्याकडून बोल मोडला गेला, त्याची भरपाई म्हणून अक्काचा नवस आजपासून माझ्या नावावर. ती मोकळी. भरीत मी सोडलं.

दिपमालाने त्याच दिवशी तीन किलो वांगी आणली होती. तिला वाटलं, मी चेष्टा करतोय. आता घरात तीच एकटी खाते आणि प्रत्येक घासाला माझ्याकडे बघते.

तू खा किंवा खाऊ नकोस. पण आता तुझ्यावर बंधन नाही.

प्रेमराज

*

नशिराबाद
१० फेब्रुवारी २०२५

प्रेमराजा,

आशीर्वाद. रागावले होते. अजून थोडी आहे. पण लिहायचं राहून राहून अंगावर यायला लागलं.

आधी अहवालाचं. चार पानं होती, तक्ते, रंग. डॉक्टरीणबाईंनी एका ओळीवर बोट ठेवलं. तू म्हणालास तो आळशी गडी माझ्या अंगात आहे. मग चारुलताने तुझा कागद पुढे केला. बाईंनी चष्मा काढला, पुन्हा घातला आणि तो पिवळा कागद त्या चार पानांशेजारी ठेवला. ओळी ताडून बघितल्या. म्हणाल्या, “तुमच्या आईची चाचणी झालेली नाही, तेव्हा ठामपणे सांगता येणार नाही. पण हे गृहस्थ नुसतं बघून जिथे पोचले, तिथेच आपण आज पोचलो.” नाव विचारलं त्यांचं. खाली सहीच तेवढी आहे, ती मला लागली नाही, त्यांनाही लागली नाही.

मग म्हणाल्या, तुमची दुसरी गोळी वाईट नव्हती, तुमच्या अंगासाठी मोठी होती. तीच पुन्हा द्यायची, पण चौथा हिस्सा. महिन्याने बघून अर्धी. शिवाय दर पंधरवड्याला त्यांच्यासमोर जाऊन बसायचं आणि बोलायचं, ते वेगळं. माय कोणाजवळ बोलली असेल, प्रेमराज? तुझ्याजवळ काही बोलायची का? ते मला कधी तरी सांग.

औषधाच्या दुकानात गोळी कापायची प्लास्टिकची डबी मिळते. हितेंद्रने आणली. मी ती बाजूला ठेवली. मायचा अडकित्ता माझ्याकडेच आहे, तुला माहीत आहे. मी इतकी वर्षं त्याने सुपारी कातरली. त्याच्या पात्याला एका जागी खाच आहे, ती सुपारीने पडली असं मला वाटायचं. गोळी त्या खाचेत ठेवली की हलत नाही, बरोबर तुकडा पडतो. तू अकरा वर्षांचा पोरगा रोज ती तिथे बसवायचास. पहिल्या दिवशी कातरताना तुझ्यावरचा राग गेला. पुन्हा आला, पण एकदा तरी गेला.

पहिले तीन आठवडे काही झालं नाही. थरथर नाही, भोवळ नाही, आणि बरंही नाही. मग एका सकाळी मी चूळ भरली, चहा घेतला, आणि नंतर लक्षात आलं की मनाची समजूत काढावी लागली नाही. बाईंना सांगितलं तर त्यांनी वहीत लिहून घेतलं. अजून वाईट दिवस येतात. परवाच एक आला होता. पण तो गेलाही.

आता काल रविवारचं सांगते. हितेंद्रने मळ्यात भरीत ठेवलं. हंगाम संपत आला, म्हणून शेवटचं. कपाशीच्या काड्या पेटल्या, वांगी भाजली, बडजीत ठेचली, वर कांद्याची पात. चारुलताने सगळ्यांना वाढलं आणि माझ्यासमोर नेहमीसारखी पिठल्याची वाटी ठेवली. मी वाटी बाजूला सारली आणि म्हणाले, मला भरीत वाढ. हितेंद्र म्हणाला, “आई, पित्त होईल.” मी म्हटलं, वाढ गं.

घास घेतला. पन्नास वर्षांनी काही तरी मोठं वाटेल, असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. मी चावत राहिले आणि तोंडातून निघून गेलं, “चारू, मीठ कमी आहे गं.”

ती मीठ आणायला उठली आणि काड्यांच्या ढिगामागे तोंड फिरवून उभी राहिली. दीड वर्ष ती दोन वेळा माझ्यापुढे ताट ठेवते आहे, आणि मी एकदाही कशाला मीठ कमी म्हटलं नव्हतं, जास्तही म्हटलं नव्हतं. हितेंद्र उठून विहिरीकडे गेला. कुंपणाला धरून उभा होता. बराच वेळ आलाच नाही.

मी दोनदा वाढून घेतलं.

वांगी अजून पंधरा दिवस मिळतील. येत्या रविवारी दिपमालाला घेऊन ये. तुझ्यासाठी पिठलं करायला सांगितलं आहे.

अक्का